सगळ्यात स्वच्छ हात

सूक्ष्मजीवांशी माझं तसं वैयक्तिक वैर काहीच नव्हतं. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचा धडा होता, मी तो वाचला होता, चाचणीत वीसपैकी साडेसतरा पडले होते. आमचे संबंध तिथंच संपले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मध्ये ती वक्तृत्व स्पर्धा आली.

धाराशिवला जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. त्याआधी मी हजेरीलासुद्धा इतकी हळू ओ द्यायची की वर्गात बसून दोनदा माझी गैरहजेरी लागली आहे. आणि आता एकदम ढाल! ही ढाल आमच्या किराणा दुकानात तराजूच्या शेजारी ठेवली आहे. आमचे आजोबा सिद्रामप्पा, म्हणजे घरादाराचे आप्पा, गल्ल्यावर बसतात आणि पाव किलो साखर न्यायला आलेल्या माणसालाही आधी ढाल हातात देतात, मग साखर. बेंबळीहून तेलाचे डबे टाकायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानं ती आत्तापर्यंत चार वेळा धरून पाहिली आहे. अशा घरात माणसाचं डोकं ठिकाणावर राहील तरी कसं? मला नुसता माइक दिसला तरी हात शिवशिवायला लागायचे.

तेवढ्यात शाळांचा स्वच्छता पंधरवडा आला. आमच्या हायस्कूलच्या मैदानापलीकडं जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. मी तिथंच शिकले. तिथले मुख्याध्यापक शिवप्रसाद सर आमच्या वर्गावर येऊन म्हणाले, "लहान मुलांना जंतूंची माहिती सांगायला एखादी हुशार मुलगी हवी होती." एखादी म्हणजे कोण, याचा विचार करायला कुणी सुरुवात करायच्या आत मी उभी राहिले होते.

पहिला तास चांगला झाला असं माझं मत आहे. मी फळ्यावर हिरव्या खडूनं मोठा जंतू काढला, त्याला दात काढले, दोन शिंगंही काढली. तिसरीतली अक्षदा, पुढचा एक दात पडलेली, हात वर न करताच म्हणाली, "ताई, तू बघितलास का जंतू?"

"ते डोळ्यांना दिसत नाहीत."

"मंग शिंगं कशावरनं काढलीस?"

वर्ग हसला. मी ढालविजेती. मी म्हटलं, सूक्ष्मदर्शकातून दिसतात, उद्या दाखवते. आता आमच्या हायस्कूलला सूक्ष्मदर्शक आहे, नाही असं नाही. तो कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली ज्या सरांकडं होती त्यांची संस्थेनं भूमला बदली केली आहे. मी त्यांना फोन केला. सर म्हणाले, "किल्ली पाठवतो की, पण ती मिळाल्याची पोच कोण देणार? अधिकृत माणूस सांगा." आमच्या शाळेतला अधिकृत माणूस कोण, हे शोधण्यात दोन दिवस गेले आणि शेवटी कळलं की अधिकृत म्हणून त्या सरांनाच नेमलेलं होतं.

मग मी प्रयोगावर आले. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. पावाचे तुकडे घ्यायचे, निरनिराळे हात त्यांना लावायचे, पिशव्यांत बंद करून ठेवायचे. आठ दिवसांत ज्या तुकड्यावर बुरशी जास्त, तो हात घाण. सोपं.

दुकानात हे बोलले ती माझी पहिली चूक. आमच्या दुकानात माल कमी खपतो, सल्ले जास्त. समोरच्या सिताबाई काकू म्हणाल्या, "पिशव्या चुलीजवळ ठीव, लवकर येतंय." शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बंडप्पा काका तंबाखू मळता मळता म्हणाले, "प्रयोग नंतर. आधी बॅनर." आणि खरंच, तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर बॅनर लागला. डाव्या बाजूला माझा हिरवा जंतू, उजव्या बाजूला बंडप्पा काका, हात जोडलेले. छापणाऱ्यानं नावं खाली टाकताना काहीतरी घोळ केला आणि 'मार्गदर्शक : श्री. बंडप्पा' हे बरोबर जंतूच्या खाली आलं. काकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नाव तर मोठं आलंय."

राहिला पाव. आमच्या गावात पाव मंगळवारी येतो आणि मंगळवारीच संपतो. पण उपक्रमांच्या गुणपत्रकात 'स्थानिक साहित्याचा वापर' असा एक रकाना असतो, हे मला माहीत होतं. आमच्याकडं भाकरीपेक्षा स्थानिक आणखी काय असणार? तीही साधी नाही, कडक भाकरी. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : ज्वारीची, पापडासारखी पातळ, तव्यावर आणि मग निखाऱ्यांच्या आरावर वाळवून कडकडीत केलेली. मोडली की आवाज येतो. आई दर पंधरवड्याला ढीगभर करून पत्र्याच्या डब्यात भरते.

"दोन नेते गं," मी डबा उघडत म्हटलं.

"ने. पन ओला हात घालू नको डब्यात," आई म्हणाली. हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकते आहे. ऐकते म्हणजे कानावर पडतं, एवढंच.

दोन भाकऱ्यांचे बारा तुकडे केले. दुकानातल्या चेनच्या पिशव्या घेतल्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दाराची कडी. हजेरीपट. शिवप्रसाद सरांचा मोबाइल. मातीत खेळलेला हात : अक्षदा. नाक पुसलेला हात (याला सात स्वयंसेवक मिळाले, निवड अवघड गेली). माझा स्वतःचा हात, साबणानं धुऊन इस्त्रीच्या रुमालानं टिपलेला. असं करत अकरा झाले. बाराव्या पिशवीवर मी लाल शाईनं लिहिलं : 'सगळ्यात स्वच्छ हात – गजराबाई'.

गजरामावशी शाळेत खिचडी शिजवतात. मी पहिलीत होते तेव्हापासून, म्हणजे त्याच्याही आधीपासून. पोरं जेवायला रांगेत आली की त्या प्रत्येकाचा हात धरायच्या. "दाव. उलटा कर." नखं बघायच्या, वाससुद्धा घ्यायच्या. साबणाचा वास आला नाही तर परत नळावर. आणि सगळ्यांची वाढणी झाली की पातेल्याच्या बुडाची तांबूस खरवड उलथन्यानं काढून, ज्याचे हात त्या दिवशी सगळ्यात चांगले, त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि वरून आपल्या अंगठ्यानं दाबून त्याचा लाडू करायच्या. चार वर्षांत मला ती खरवड एकोणीस वेळा मिळाली आहे. जिल्ह्याच्या ढालीआधी माझ्याकडं मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

तर मी तुकडा घेऊन खिचडीच्या शेडमध्ये गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या. "थांब, हात धुवून येते," म्हणाल्या. कोपरापर्यंत साबण लावला, घासले, धुतले, झटकले. मग पदराकडं हात नेला.

"नाही नाही, मावशी! पदराला नका पुसू! पदरावर जंतू असतात."

"बरं बाई," मावशी हसल्या, आणि पाणी ठिबकत असलेली पाची बोटं त्यांनी भाकरीच्या तुकड्यावर ठेवली. "काय लिव्हलंस माझ्या नावाम्होरं?"

मी वाचून दाखवलं. त्या चिठ्ठीवरून बोट फिरवत बराच वेळ बघत राहिल्या. "मेळाव्यात पालकांम्होरं वाचनार हायस?" एवढंच विचारलं.

"माइकवर," मी म्हटलं.

बारा पिशव्या बिस्किटाच्या खोक्यात घातल्या, खोकं शिवप्रसाद सरांच्या लोखंडी कपाटात ठेवलं, आणि कुणी मध्ये हात लावू नये म्हणून किल्ली मी गळ्यात दोऱ्यानं अडकवून आठ दिवस फिरले. मध्ये एकदा उघडून बघावं असं अक्षदा म्हणाली होती. मी तिला 'विज्ञानातली शिस्त' या विषयावर दहा मिनिटं ऐकवलं. त्या दहा मिनिटांत मी खोकं उघडलं असतं तर बरं झालं असतं.

पालक मेळाव्याला केंद्रप्रमुख साहेब आले होते. मैदान भरलेलं. आमचे आप्पा कधी नाही ते गल्ला सोडून पहिल्या रांगेत, मांडीवर ढाल. आणि शेडच्या दारात गजरामावशी, हातात उलथनं, अंगावर जरीकाठाची नवी हिरवी साडी. खिचडी करताना नवी साडी कोण नेसतं? माइकवर जिचं नाव येणार असतं ती नेसते.

मी खोकं उघडलं. "पालकहो, पाहा, ही दाराची कडी!" म्हणत पहिली पिशवी वर धरली. भाकरीचा तुकडा तसाच. पांढरा, कडक, खुशाल खावा असा. हजेरीपट : तसाच. मोबाइल : तसाच. अक्षदाचा मातीचा हात : तसाच, थोडी माती वेगळी. नाक पुसलेला हात वर धरला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यो तर चटनीसंगं जाईल की." लोक हसायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा पिशव्या झाल्या, एकीवरही ठिपका नाही.

बारावी पिशवी मी न बघताच वर धरली आणि मैदान गप झालं.

मग मी पाहिलं. हिरवी, काळी, मध्ये पांढरा कापूस. पाच गोल. पाच बोटांचे पाच, अगदी स्पष्ट. खाली लाल शाईत : सगळ्यात स्वच्छ हात – गजराबाई.

स्पर्धेच्या वेळी आप्पांनी मला एकच मंत्र दिला होता. "अडलीस तर थांबू नको, शिवू. आवाज चढव. मी गल्ल्यावर तेच करतो." मी अडले होते. मला त्या क्षणी म्हणता आलं असतं की काहीतरी चुकलंय, मला कळत नाही. पाच शब्द. पण समोर साहेब होते, ढाल होती, आणि हातात माइक होता. मी आवाज चढवला.

"पालकहो, हाच तो धडा! जे हात स्वच्छ दिसतात, त्यांच्यावरच जंतू लपून बसतात! डोळ्यांवर विश्वास ठेवू नका! आपल्या लेकरांच्या ताटापर्यंत रोज पोचणारे हात तपासा!"

टाळ्या इतक्या पडल्या की तितक्या जिल्ह्याच्या स्पर्धेतही पडल्या नव्हत्या. बंडप्पा काका उभे राहून वाजवत होते. शेडच्या दारात मावशींच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं, ते काढायचं राहून गेल्यासारखं. मग त्यांनी उलथनं काखेत धरलं, आपले दोन्ही तळहात समोर घेतले, पाहिले. उलटे करून पाहिले. आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक शाळेत चौसष्ट मुलं घरून डबे घेऊन आली. खिचडीचं पातेलं भरलेलं तसंच राहिलं. सिताबाई काकूंच्या नातवाला जुलाब लागले होते. त्यानं आदल्या दिवशी सात पेरू खाल्ले होते, पण पेरूंची चौकशी कुणी केली नाही. दुकानात येणारा जाणारा मला म्हणायचा, "पोरीनं गावाचे डोळे उघडले." आप्पा आता साखरेआधी ढालीऐवजी ही कथा द्यायला लागले आणि प्रत्येक वेळी बुरशी एक बोट उंच व्हायला लागली. मी हसून मान हलवायची. आणि मग खाली बघून पुड्या बांधायला लागायची.

साहेबांनी भेटवहीत शेरा मारला होता : 'प्रात्यक्षिक उत्कृष्ट. स्वयंपाकी महिलेच्या हातांबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी.' योग्य ती म्हणजे कोणती, हे साहेबांनाही माहीत नसावं. पण लिहिलंय म्हटल्यावर करणं आलं. समितीची बैठक झाली. ठराव झाला की गजराबाईंनी वैद्यकीय प्रमाणपत्र आणावं, तोपर्यंत शेडमध्ये येऊ नये. बंडप्पा काका म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाय आमचा. विज्ञान हाय हे."

मी खिडकीपाशी उभी होते. मावशींनी कमरेची शेडची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. मला वाटलं त्या रडतील, भांडतील, माझ्याकडं बोट दाखवतील. त्या म्हणाल्या, "सर, मिठाचा डबा वरच्या फळीवर ठिवा. खाली मुंग्या लागत्यात." आणि गेल्या.

मग खिचडीची पाळी शिक्षकांवर आली. सोमवारी अळणी, मंगळवारी खारट, बुधवारी शिवप्रसाद सरांनी स्वतः केली आणि ती पातेल्यातून निघालीच नाही. मुलांचे हात कुणी बघेना. अक्षदा मैदानातून थेट ताटावर यायची. मी एकदा तिला रागावले तर म्हणाली, "माझ्या भाकरीला कुठं आली हुती बुरशी?" प्रयोग माझाच होता.

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसले आणि कडक भाकरीच्या डब्यात हात घातला. आईनं पळीनं मनगटावर फटका दिला.

"ओला हात! किती डाव सांगू? थेंब पडला की अख्खा डबा बुरसतो!"

आणि या वेळी ते वाक्य कानावर न पडता आत गेलं.

"आई," मी म्हटलं, "आणि पाणी लागलंच नाही तर?"

"तर काय, म्हयनाभर काय होत न्हाय. म्हनून तर करायची कडक." मग आईनं माझ्याकडं पाहिलं. "पिरयोगाला हीच नेली हुतीस व्हय गं?"

मी मान हलवली.

"आन गजराबाईचा हात?"

"त्या पुसत होत्या. मीच पुसू दिला नाही."

आई परातीतल्या पिठावर हात ठेवून तशीच बसली. अकरा घाण हात कोरडे होते म्हणून सुटले आणि गावातला एकच नीट धुतलेला हात ओला होता म्हणून अडकला, हे तिला मला समजावून सांगावं लागलं नाही, आणि मलाही तिला. आप्पा बाहेरून ओरडले, "काय झालं?" माझी भाकरी ताटात तशीच राहिली.

सकाळी मी शिवप्रसाद सरांकडं गेले. म्हटलं, प्रयोग चुकला होता, मी लिहून देते. सरांनी चष्मा काढला. "अगं, अहवाल वर गेला. आणि हे बघ," त्यांनी छापील नमुना दाखवला, "उपक्रमाचं फलित. रकाने दोनच आहेत. 'यशस्वी' आणि 'अत्यंत यशस्वी'. चुकला हे लिहू कुठं? फार तर नुसता यशस्वी करतो." बंडप्पा काका म्हणाले, "आता बॅनर लागलाय, पोरी." साहेब फोनवर म्हणाले की प्रमाणपत्र आलं की विषय संपला. पण दवाखान्यात म्हणाले मुख्याध्यापकांचं पत्र आणा, मुख्याध्यापक म्हणाले साहेबांचं लेखी पाहिजे, आणि साहेब म्हणाले लेखी देतो, अर्जाला प्रमाणपत्राची प्रत जोडा. या तिघांभोवती मी नऊ दिवस सायकल फिरवली. शेवटी शिवप्रसाद सरच एका दुपारी कंटाळून की काय म्हणाले, "दे इकडं कागद," आणि कुणाला न विचारता शिक्का मारून दिला. बुधवारची ती खिचडी त्यांनी स्वतः खरवडली होती, त्याचा हा परिणाम असावा.

शनिवारी आई, मी आणि गजरामावशी एसटीनं धाराशिवला निघालो. मावशी खिडकीशी, मी शेजारी, आई मागच्या बाकावर. नऊ दिवस मी घोकलेलं भाषण माझ्याकडं होतं. सुरुवात, मुद्दे, शेवट, सगळं.

"मावशी," मी म्हटलं, "चूक माझी होती. तुमचा हात ओला होता. कडक भाकरीला पाणी लागलं की बुरशी येते. मला तेव्हा माहीत नव्हतं."

मावशी बाहेर बघत होत्या. सोयाबीनची रानं मागं जात होती.

"भाकरीचं न्हवतं म्हाईत तुला," त्या म्हणाल्या. "माझं तर म्हाईत हुतं?"

भाषणाचं पुढचं पान मला आठवलंच नाही. आवाज चढवायचं तर सुचलंसुद्धा नाही. "होतं," मी म्हटलं, अगदी पूर्वी हजेरीला ओ द्यायची तितक्या हळू.

दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मावशींचे हात उजेडात धरले, नखं पाहिली. मग स्वतःची नखं पाहिली आणि तो हात हळूच टेबलाखाली घेतला. "मावशी, तुम्हाला इथं कुणी पाठवलं?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "विज्ञानानं."

प्रमाणपत्र मिळालं. मावशी पुन्हा कामावर आल्या, किल्ली पुन्हा कमरेला गेली. हे इथंच चांगलं संपलं असतं. पण मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, जिथं बिघडवलं तिथंच. प्रार्थनेच्या वेळी मी माइक मागून घेतला, दोन नव्या पिशव्या दाखवल्या : एकीत कोरड्या बोटाची भाकरी, एकीत धुतलेल्या ओल्या बोटाची, दोन्ही बोटं माझी. ओलीवर बुरशी. म्हटलं, "चूक माझी होती. गजरामावशींचे हात स्वच्छच होते, पाण्यामुळं बुरशी आली." टाळ्या पडल्या नाहीत. पालकही नव्हते. माफीला मेळावा भरत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि दुपारी तिसरीचा अख्खा वर्ग हात न धुता जेवायला बसला. "ताईनंच सांगितलं," अक्षदा म्हणाली, "धुतलं की बुरशी येती. कोरडं बरं." बंडप्पा काकांना हे कळलं तर ते म्हणाले, "म्हंजी आमी आधीपासनं बरोबरच हुतो." पुढचे चार दिवस मी दर दुपारी नळाशी उभी राहून धुवा, मग पुसा, धुवा, मग पुसा असं ओरडत होते. माइकशिवाय.

आता शाळेत नवा नियम झाला आहे. खिचडी करताना प्लास्टिकचे हातमोजे. मावशी ते घालतात. चिमटीत मीठ किती आलं ते मोज्यातून कळत नाही, म्हणून चमच्यानं मोजून टाकतात. चव आता रोज सारखी असते आणि पहिल्यासारखी नसते. पोरांचे हात त्या आता धरत नाहीत. नुसतं लांबून बघतात आणि मानेनं पुढं जा म्हणतात.

काल मधल्या सुट्टीत मी मैदान ओलांडून गेले. आधी नळावर हात धुतले, कोपरापर्यंत. रांग संपेपर्यंत शेडच्या खांबापाशी थांबले. पातेल्याच्या बुडाला खरवड लागली होती, तांबूस, कडेनं करपलेली. मी तळहात पुढं केला. नववीतली घोडी, पहिलीतल्या पोरीसारखी.

मावशींनी पाहिलं. "धुतलास?"

"धुतला."

"पूस मंग. ओल्या हाताला बुरशी येती म्हनं."

मी ओढणीला हात पुसला, दोन्ही बाजूंनी. मावशींनी उलथन्यानं खरवड काढली आणि वीतभर वरून माझ्या हातावर टाकली. गरम होती. दाबून दिली नव्हती, त्यामुळं मूठ मिटायच्या आत ती सुटी झाली आणि बोटांच्या फटीतून निम्मी खाली सांडली.